हापशाचा वायसर

परवा स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. रात्रभर टप टप टप. सकाळी प्लंबर आला. नळ खोलून त्याने एक काळी, चपटी झालेली चकती माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "आजी, वायसर गेलाय. एवढंच." पाच मिनिटांत नवा बसवला आणि गेला. शेजारी उभ्या असलेल्या नातवाला "वायसर" या शब्दाचं हसू आलं. तो म्हणे, "आजी, वॉशर असतं ते." मी म्हटलं, "असेल बाबा. पण ज्याच्यापायी चाळीस वर्षं माझ्या मनाला बोचणी लागून राहिली आहे, तो वायसरच."

त्याला त्या वेळी काही सांगितलं नाही. आज इथे लिहिते आहे, म्हणजे त्यालाही वाचता येईल. जरा लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

पुरंदर तालुक्यातल्या एका गावात मी काही वर्षं शिक्षिका होते. गावाचं नाव लिहीत नाही. गावात दोन विहिरी, त्या मार्चमध्येच तळ दाखवायच्या. मग सगळ्यांची भिस्त शाळेच्या कुंपणालगतच्या हापशावर. शहरातल्या मुलांसाठी सांगते, हापसा म्हणजे बोअरवरचा हातपंप. त्याचा लांब दांडा वर-खाली करायचा, म्हणजे हापसायचं. पहाटे चारपासून त्याचा खडाक-खडाक आवाज सुरू व्हायचा आणि हंडे-कळशांची रांग लागायची.

हे हापसे आपल्याकडे आले कसे, याची गोष्ट मला फार उशिरा, निवृत्तीनंतरच्या वाचनात कळली. तिचा बराचसा भाग आपल्या महाराष्ट्रात घडला आहे, हे वाचून मी चकित झाले.

आपली दख्खनची जमीन म्हणजे काळा कातळ. साध्या विहिरीला जे पाणी लागतं ते वरच्या झिजलेल्या खडकातलं, आणि दुष्काळात तेच आधी आटतं. खालच्या भेगांमध्ये पाणी असतं, पण तिथवर पोचायला कातळ फोडावा लागतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रं पाडायची यंत्रं आपल्याकडे आली. मिशनरी संस्थांनी आणि युनिसेफने ती आणली. पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. मी तेव्हा कॉलेजात होते. सुकडी, मिलो, खडी फोडायची कामं हे सगळं आमच्या पिढीने पाहिलं आहे. त्या दिवसांत जागोजागी विंधन विहिरी घेतल्या गेल्या.

पण विंधन विहिरीचं भोक असतं वीतभर रुंदीचं. त्यात पोहरा सोडता येत नाही. पाणी काढायला एकच दार, ते म्हणजे पंप. पंप बंद पडला की पायाखाली पाणी असूनही गाव तहानलेलं! आडाचं तसं नव्हतं. रहाट मोडला तरी दोर सोडून पाणी शेंदता यायचं.

सुरुवातीला बसवलेले पंप बिडाचे होते. त्यांचा घाट परदेशातल्या शेतघरांवरच्या पंपांचा. एका कुटुंबाने दिवसातून दोन-चार बादल्या काढाव्यात, एवढ्याच बेताचे ते. आपल्याकडे अख्खं गाव त्यावर दिवसभर तुटून पडायचं. मग दुसरं काय होणार? १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली, तेव्हा दर चार पंपांमागे तीन बंद सापडले.

जालन्यात आणि सोलापुरात मिशनच्या कामातून मात्र पोलादाचे, जास्त दणकट हातपंप तयार झाले होते. ते 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप' या नावांनीच ओळखले जात. त्यातला सोलापूर पंप आधाराला धरून सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून जो हापसा घडवला, तो 'इंडिया मार्क टू'. पहिले पंप बनवले रिचर्डसन अँड क्रुडासच्या मद्रासच्या कारखान्याने. ही कंपनी मूळची आपल्या मुंबईची, भायखळ्याची. कोइमतूर भागात चाचण्या झाल्या आणि १९७९ मध्ये भारतीय मानकही ठरलं, आयएस ९३०१. पुढे हा हापसा आफ्रिकेपर्यंत पोचला. जगात सर्वांत जास्त वापरला गेलेला हातपंप म्हणून त्याचं नाव घेतात. आपल्या सोलापूरचं नाव चादरींसाठी सगळ्यांना माहीत असतं, या पंपासाठी किती जणांना माहीत आहे?

आता वायसराकडे येते.

हापशाच्या वर दिसतं ते डोकं आणि दांडा. खरं काम चालतं जमिनीखाली. तिथे पाण्यात बुडालेला एक सिलिंडर असतो, आत पितळी अस्तर लावलेला. त्यात खाली-वर होणारा दट्ट्या, आणि दट्ट्यावर वाटीच्या आकाराचे दोन वायसर. दट्ट्या वर येताना पाण्याचा भार वाटीत पडतो, वाटीचे काठ फाकतात आणि पितळी भिंतीला घट्ट चिकटतात. पाणी जितकं दाबेल, तितकी वाटी जास्त घट्ट बसते. दट्ट्या खाली जाताना काठ सैल पडतात, मधली झडप उघडते आणि पाणी वरच्या अंगाला येतं. किती साधी युक्ती! पण सगळी भिस्त त्या वाटीच्या काठावर. काठ फाटला, झिजला, एका बाजूने पातळ निघाला, की पाणी तिथून निसटतं. मग कितीही हापसा, हात भरून येतात पण हंडा भरत नाही.

या वाट्या तेव्हा चामड्याच्या असत. आपल्याकडे चामडं आणि पाणी यांची संगत जुनीच आहे. मोट चामड्याची, पखाल चामड्याची. चामडं पाण्यात फुगतं आणि मऊ होतं, म्हणून भिंतीला छान बसतं. पण दोन जनावरांची कातडी सारखी नसते आणि एकाच कातड्यातला पाठीचा भाग आणि पोटाचा भागही सारखा नसतो. पोटाकडचं चामडं सैल आणि तंतुमय. त्यातून कापलेली वाटी पहिल्या दिवशी इतरांसारखीच दिसते. फरक कळतो तो खाली, शंभर फुटांवर, काही महिन्यांनी.

१९८३ चा उन्हाळा. सकाळची शाळा, साडेसातची. मार्चच्या मध्याला आमचा हापसा पाणी टाकेनासा झाला. आधी पंधरा-वीस वेळा हापसल्यावर धार लागायची, मग तीही बंद. तालुक्याला अर्ज गेला. दुरुस्तीचं पथक एक आणि गावं अनेक, त्यामुळे वाट पाहणं आलं. तोवर बायका-मुली दीड मैलावरच्या ओढ्यातल्या झऱ्यावर जायला लागल्या.

सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. वाचन फार सुरेख करायची. धडा मोठ्याने वाचायचा असला की मी हमखास तिलाच उठवायची. ती रोज उशिरा यायला लागली, खांद्यावर झंपर ओला. पहिला तास माझा, मराठीचा. मी विचारलं, "उशीर का?" ती म्हणाली, "पाणी भरत होते बाई." मी म्हटलं, "मग लवकर उठत जा." आणि तिला दाराशी उभं केलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. जवळजवळ तीन आठवडे ती मुलगी माझ्या तासाला दाराशी उभी होती. शिस्त म्हणजे शिस्त, असं तेव्हा मला अगदी मनापासून वाटत होतं. हापसा बंद आहे हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? माझ्या बिऱ्हाडी पाणी आणून टाकणाऱ्या मावशी रोज तेच गाऱ्हाणं सांगायच्या. पण हापशाचा आणि हजेरीपटाचा संबंध माझ्या डोक्यात जुळलाच नाही.

एप्रिलमध्ये पथक आलं. मोठी तिकाटणी उभी केली आणि एकेक करून पाइप वर ओढायला लागले. दहा फुटांचा एक पाइप, असे दहा. आत रॉड वेगळे. सहा माणसं आणि अर्धा दिवस. सगळी शाळा कुंपणाशी गोळा झाली, मीही त्यात. शेवटी सिलिंडर वर आला. मेकॅनिकने तो खोलला आणि आतली चामड्याची वाटी बोटांत धरून मला दाखवली. एक बाजू जाड, दुसरी कागदासारखी पातळ, तिथेच फाटलेली. "तीन महिन्यांपूर्वी नवीच घातली होती बाई," तो म्हणाला. "हे पोटाचं चामडं. मालच खराब आला, त्याला आम्ही तरी काय करणार?" नवी वाटी घातली आणि संध्याकाळी धार सुरू झाली.

दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी वेळेवर येऊ लागली. पण मागच्या बाकावर बसायची. वाचायला उठवलं की दोन ओळी पुटपुटून खाली बसायची. जूनमध्ये आठवीत तिने नाव घातलं नाही. कारणं अनेक असतील. त्या काळात आणि त्या गावात मुलींची शाळा सुटायला कारण शोधावं लागत नसे. पण त्या अनेकांतलं एक कारण मी होते का, या प्रश्नाचं उत्तर मला मिळालेलं नाही.

असो. गोष्ट पुढे नेते.

चामड्याचं हे दुखणं जाणकारांच्याही लक्षात आलेलं होतं. योगायोग असा, की आमचा हापसा बंद पडला त्याच वर्षी, १९८३ मध्ये, कोइमतूरला हातपंपांची मोठी चाचणी सुरू झाली. १९८८ पर्यंत ती चालली. संयुक्त राष्ट्रांनी १९८१ ते १९९० हे पेयजल आणि स्वच्छतेचं दशक जाहीर केलं होतं, त्यातलंच हे काम. हापशाचा कोणता भाग किती दिवसांनी जातो, याच्या नोंदी तिथे वर्षानुवर्षं ठेवल्या गेल्या. त्यातून एक निष्कर्ष निघाला, की चामड्याऐवजी नायट्राइल रबराची साच्यात घडवलेली वाटी वापरली तर ती बरीच जास्त टिकते. दुसरा निष्कर्ष मला त्याहून मोलाचा वाटतो. तो म्हणजे, वाटी कधी ना कधी जाणारच, तेव्हा ती गावातल्या माणसाला बदलता आली पाहिजे. म्हणून 'मार्क थ्री' हापशात पाइप जास्त रुंद केला. सगळे पाइप न उपसता नुसत्या रॉडबरोबर दट्ट्या वर ओढून घेता येतो. तिकाटणी नको, पथकाची वाट पाहणं नको.

मग रबर आल्यावर प्रश्न मिटला का? मीही तसंच समजत होते. पण काही वर्षांपूर्वी त्याच गावचा माझा एक विद्यार्थी भेटला. भोसरीत त्याचा रबराचे सील बनवायचा छोटा कारखाना आहे. गाड्यांचे, पंपांचे, कधी काळी हापशाच्या वाट्याही त्याने केल्या. "बाई, एकदा बघायला या," म्हणाला. गेले.

शिक्षकाला विद्यार्थ्याकडून शिकायला मिळण्यासारखं सुख नाही. रबर म्हणजे आपण झाडाचा चीक समजतो. नुसता चीक उन्हात वितळतो आणि थंडीत कडक होतो. त्यात गंधक घालून तापवलं की तो दोन्हीत टिकतो, हे १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला सापडलं. त्या शोधापायी तो कर्जबाजारी झाला, तुरुंगातही गेला आणि १८६० मध्ये कर्जातच वारला. नायट्राइल हे मात्र कृत्रिम रबर, १९३० च्या दशकात जर्मनीत तयार झालेलं. त्यात काजळी, गंधक आणि इतर बऱ्याच गोष्टी मळून जो गोळा होतो त्याला कारखान्यात 'कंपाउंड' म्हणतात. त्याचा तुकडा डायमध्ये ठेवायचा, प्रेसखाली दाबायचा आणि दीडशेच्या वर अंशांवर काही मिनिटं भाजायचा. मला एकदम आप्पेपात्राची आठवण झाली. तसं म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, "बाई, चुकाही तशाच होतात."

मग एका कोपऱ्यातली क्रेट ओढून त्याने मला एकेक चूक दाखवली. गोळा कमी पडला की डाय भरत नाही आणि कडेला खळगी राहते. जास्त पडला की जोडातून बाहेर येऊन पातळ पदर राहतो, तो 'फ्लॅश'. तो नीट काढला नाही तर काठ भिंतीला बसत नाही, ओढून काढला तर काठच फाटतो. डायचे वरचा आणि खालचा भाग जरा सरकले तर वाटीच्या दोन बाजू जुळत नाहीत. हवा अडकली तर फोड येतो. कंपाउंडमध्ये कचरा गेला तर तेवढ्या ठिकाणी रबर एकजीव होत नाही.

"या सगळ्या दिसणाऱ्या चुका," तो म्हणाला. "पोरगी भिंगाखाली बघते आणि बाजूला टाकते. न दिसणारी बघा." त्याने दोन वाट्या माझ्या हातात दिल्या. दोन्ही काळ्या, गुळगुळीत. मला काही फरक कळेना. त्यातली एक कच्ची होती. प्रेसमधून वेळेआधी काढलेली. दर खेपेला मिनिटभर वाचवलं की पाळीत कितीतरी नग जास्त निघतात, म्हणून काही ठिकाणी मुद्दामही असं करतात. कोणी स्वस्त पडावं म्हणून कंपाउंडमध्ये खडूची भुकटी जास्त घालतात. असं रबर दिसायला पक्क्यासारखंच. पण दाबून ठेवलं की दबलेलंच राहतं, परत उसळत नाही. ते ओळखायला तुकडा ठरावीक दाबाखाली तापवून ठेवतात आणि मग किती परत येतो ते मोजतात. कडकपणा मोजायला घड्याळासारखं एक यंत्र असतं. हे सगळं करायला वेळ लागतो आणि पैसे लागतात. न करता माल पाठवला तर निदान त्या दिवशी तरी कोणाला कळत नाही.

मी ती कच्ची वाटी हातात फिरवत होते. तो सहज म्हणाला, "बाई, तुम्ही तिला दाराशी उभी करायचात ना, हापसा बंद होता तेव्हा?"

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "आम्हीपण रोज पाणी भरायचो. पण आमच्या घरी आई जायची, मी नाही. म्हणून मी वेळेवर."

बेचाळीस मुलांच्या वर्गातल्या या मुलाला ते इतकी वर्षं आठवत होतं.

परत येताना बसमध्ये मला चॅलेंजर आठवलं. २८ जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंदांत ते अवकाशयान कोसळलं आणि सातही जण गेले. त्यात ख्रिस्टा मॅकऑलिफ नावाची शाळेतली शिक्षिका होती, म्हणून ती बातमी आम्ही वर्गात वाचली होती. कारण निघालं एक रबरी कडं, बोटाहूनही बारीक जाडीचं. फाइनमन या शास्त्रज्ञाने चौकशीत सर्वांसमोर त्याचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला. थंडीत ते चटकन उसळत नव्हतं. गंमत म्हणजे ते कडं बनवण्यातली चूक अशी नव्हती. थंडीत ते दगा देईल, उड्डाण नको, असं काही इंजिनिअरांनी आदल्या रात्री सांगितलं होतं. ते ऐकलं गेलं नाही. तिथे निदान चौकशी तरी बसली. गावाच्या हापशासाठी कोण चौकशी बसवणार? जिचा खांदा ओला होतो, तिची तक्रार वाटी भाजणाऱ्यापर्यंत पोचायला वाटच नसते. मधे दुकानदार, ठेकेदार, पथक, आणि एक मराठीच्या बाई.

आपल्या स्वयंपाकघरातही हेच आहे. कुकरची रिंग गेली की आपण बोहरी आळीत जाऊन स्वस्तातली उचलतो. अशा नकली सुट्या भागांमुळे कुकर फुटल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा प्रेस्टिजच्या टी. टी. जगन्नाथन यांनी नकली माल थांबवण्याच्या मागे न लागता झाकणाच्या काठाला एक खाच पाडली. शिट्टी तुंबली, सेफ्टी व्हॉल्व्ह नकली निघाला, तरी वाफेच्या दाबाने रिंग त्या खाचेतून बाहेर फुगते आणि वाफ निघून जाते. मार्क थ्रीमागे जो विचार होता, तोच हा. भाग खराब निघू शकतो हे धरूनच चालायचं आणि त्याची शिक्षा वापरणाऱ्याला होऊ नये अशी सोय करायची. २०२१ पासून तर घरगुती कुकरला आयएसआयची खूण सक्तीची आहे. तेव्हा मुलींनो, आणि जावईबापूंनो तुम्हीही, रिंग घेताना कंपनीची घ्या. काठावरून बोट फिरवून बघा, पदर लागतो का.

भोसरीहून मी ती कच्ची वाटी मागून आणली. पुस्तकांच्या कपाटात ठेवली आहे. नातवाने मागे एकदा विचारलं होतं, हे काय म्हणून. तेव्हा मी "काही नाही" म्हटलं होतं.

त्या मुलीचा पत्ता माझ्या विद्यार्थ्याने काढला आहे. सासवडजवळ असते, नातवंडं आहेत. फोन नंबरही दिला आहे त्याने. अजून लावलेला नाही. काय बोलायचं ते ठरत नाही. पण हे लिहून झालं आहे, तर आता लावीन म्हणते.